एक जुलैची यादी

महानगरपालिकेची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो. मात्र मतदार यादी त्याची स्वतःची नसते. भारत निवडणूक आयोगाने विधानसभेसाठी केलेली यादीच तो एका ठरावीक तारखेला ग्राह्य धरतो आणि प्रभागवार फोडतो. १५ जानेवारी २०२६ रोजी महाराष्ट्रातल्या २९ महानगरपालिकांसाठी मतदान झाले ते १ जुलै २०२५ च्या यादीवर. त्या तारखेनंतर दुसऱ्याच दिवशी अठरा पूर्ण केलेला तरुण मतदानाच्या दिवशी साडेअठरा वर्षांचा होता, तरी त्याला मत नव्हते.

यादीत नाव येण्याच्या मुख्य अटी तीन: भारतीय नागरिकत्व, अर्हता दिनांकाला, म्हणजे वय मोजण्याच्या ठरलेल्या तारखेला, १८ वर्षे पूर्ण आणि त्या मतदारसंघातला सर्वसाधारण रहिवास. १९८९ पर्यंत वयाची अट २१ होती. अर्हता दिनांकही पूर्वी वर्षातून एकच, १ जानेवारी, असे. २०२२ पासून जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर यांच्या पहिल्या तारखा धरल्या जातात. रहिवासाचा मालकीशी संबंध नाही. भाडेकरू मतदार होऊ शकतो, पण घर नावावर असून तिथे न राहणाऱ्याला केवळ त्या घराच्या आधारावर नाव घालता येत नाही. नव्या नावासाठी नमुना ६, वगळण्यासाठी ७ आणि पत्ताबदल किंवा दुरुस्तीसाठी ८ भरावा लागतो. मतदार ओळखपत्र हा फक्त ओळखीचा पुरावा. यादीत नाव नसेल तर त्याच्या जोरावर मत देता येत नाही.

कायद्याने एका व्यक्तीचे नाव एकाच ठिकाणी हवे. नोकरीसाठी शहरात आलेल्यांचे नाव मात्र गावाकडे तसेच राहते आणि इथेही लागते. २०२६ च्या निवडणुकीत संभाव्य दुबार मतदारांच्या नावापुढे दोन तारे छापून, ते नेमके कुठे मत देणार हे त्यांच्याकडून लिहून घेण्याची पद्धत राज्य आयोगाने ठेवली.

खरा घोळ होतो तो यादी फोडताना. विधानसभा यादीचा एक भाग दोन प्रभागांच्या हद्दीवर पडला, की त्यातली नावे इमारत पाहून वाटावी लागतात. नाल्याच्या अलीकडची चाळ एका प्रभागात, पलीकडची दुसऱ्यात. हे काम जागेवर न जाता टेबलावर उरकले, तर अख्खी सोसायटी शेजारच्या प्रभागात जाऊन बसते.

मते किती द्यायची, हेही शहरागणिक बदलते. मुंबईत २२७ प्रभाग असून प्रत्येकातून एक नगरसेवक निवडला जातो. पुण्यात ४१ प्रभागांतून १६५ नगरसेवक येतात. ४० प्रभाग चार सदस्यांचे आणि एक पाच सदस्यांचा. चार सदस्यांच्या प्रभागात अ, ब, क, ड अशा चार जागांच्या मतपत्रिका यंत्रावर वेगवेगळ्या रंगांत असतात आणि प्रत्येक जागेसाठी स्वतंत्र बटण दाबावे लागते. एकही उमेदवार पसंत नसेल तर त्या जागेपुरता ‘नोटा’ आहे. ‘नोटा’ला सर्वाधिक मते पडली तर त्या जागेसाठी नव्याने निवडणूक घ्यायची, असा आदेश राज्य आयोगाने २०१८ मध्ये काढला. महापौर नगरसेवकांतून निवडला जातो आणि त्याची मुदत अडीच वर्षांची असते. नगरपरिषदेत मात्र नगराध्यक्षासाठी मतदार थेट मत देतो.

पाच वर्षांची मुदत संपण्याआधी निवडणूक झालीच पाहिजे, असे राज्यघटनेचे कलम २४३ यू सांगते. मुंबई महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचना यांचे वाद न्यायालयात अडकले आणि जवळपास चार वर्षे प्रशासकाने कारभार पाहिला. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये आदेश दिल्यावर चाके हलली.

इतक्या दिरंगाईनंतर मतदाराच्या वाट्याला आलेला अवधी मोजण्यासारखा आहे. महापालिकांच्या प्रारूप याद्या २० नोव्हेंबर २०२५ रोजी प्रसिद्ध झाल्या. हरकतींची मुदत वाढवल्यावर ती ३ डिसेंबरपर्यंत गेली, म्हणजे दोन आठवडे. त्यातही लेखनातल्या चुका, चुकलेला प्रभाग किंवा विधानसभा यादीत असून प्रभाग यादीतून गळलेले नाव, एवढ्याच तक्रारी चालत होत्या. नवे नाव घालण्याचा मार्ग १ जुलैलाच बंद झाला होता. निवडणुकीचा कार्यक्रम गाजावाजा करून जाहीर होतो. मतदार कोण हे ठरवणारी तारीखही तितक्याच ठळकपणे, ती उलटण्याच्या निदान तीन महिने आधी, जाहीर करणे आयोगावर बंधनकारक असले पाहिजे.