जाहिराती मेस्सीच्या, मैदान आपले

ज्यांचे नाव आपल्या दिल्लीतल्या टेकडीवरच्या हिंदूराव रुग्णालयाला आहे ते हिंदूराव घाटगे कागलचे, बायजाबाई शिंदे यांचे बंधू. म्हणजे कोल्हापूरकडचे, आणि कोल्हापूर म्हणजे फुटबॉल! म्हणून आज त्याच खेळाबद्दल.

१८ डिसेंबर २०२२ च्या विश्वचषक अंतिम सामन्याइतका थरार आम्ही दुसरा पाहिलेला नाही. एम्बापेचे तीन गोल, मेस्सीचे दोन, ३-३ बरोबरी आणि पेनल्टींवर अर्जेंटिना ४-२. क्रिकेटमध्ये षटक संपले की जाहिरात लागते. फुटबॉल सहसा पूर्वार्धाची ४५ मिनिटे सलग पाहू देतो, हे केवढे सुख! जाहिरातदार मध्यंतराची वाट पाहतो आणि मैदानाकडेच्या फलकांवर झळकत राहतो. त्या स्पर्धेत बायजूज हे भारतीय नाव प्रायोजकांत होते, मेस्सी त्यांचा सदिच्छादूत झाला. २०२४ मध्ये त्याच कंपनीवर दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली.

जाहिरातींना आमचा विरोध नाही. तो पैसा आपल्या मैदानांपर्यंत पोहोचत नाही, याचे दुःख आहे. २०१७ मध्ये कोल्हापूरचा अनिकेत जाधव सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, तेही इथेच, दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार हे संघ भिडतात तेव्हा पेठाच्या पेठा लोटतात. दिल्लीने मात्र वर्षानुवर्षे आंबेडकर स्टेडियमवर रंगलेला ड्युरंड चषकही गमावला.

वाचकहो, टीव्हीवरचा अंतिम सामना जरूर पाहा. पण एखाद्या रविवारी मुलांना घेऊन आंबेडकर स्टेडियमवरच्या स्थानिक सामन्यालाही जा.