गुडघ्याच्या आडचं दुखणं

आमच्या हिंगोली जिल्ह्यातल्या मोहल्ल्यांत म्हाताऱ्या बायका उदास असल्याचं कधी सांगत नाहीत. कळमनुरीत ऐका, वसमतला ऐका, तक्रार एकच: "घुटने पकड लिए." तक्रार खोटी नाही. वर्षानुवर्षं शेतात, चुलीपुढं उकिडवं बसून गुडघे झिजलेलेच असतात. पण त्याच बोलण्यात हळूच पुढचं येतं: नींद नहीं आती, जी घबराता, किसी से बात करने को दिल नहीं होता. दवाखान्यात यातलं पहिलं वाक्यच ऐकलं जातं. सुई, चार गोळ्या आणि "उमर हो गई, खाला."

मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेनं २०१७-१८ मध्ये देशभरातल्या वयस्कर लोकांची मोठी पाहणी केली. साठीपुढच्या ८.३ टक्के लोकांत तीव्र नैराश्याची लक्षणं दिसली. नैराश्याचं निदान झालंय असं सांगणारे मात्र ०.८ टक्के. दहापटीचा फरक आहे हा! बाकीचे कुठं असतील? माझ्या मते त्यातले बरेचसे गुडघ्याच्या गोळ्या घेत बसलेत.

दोन्ही दुखणी एकमेकांना वाढवतात. दुखतं म्हणून झोप नाही, झोप नाही म्हणून मन पडतं, मन पडलं की चालणं सुटतं, चालणं सुटलं की स्नायू कमजोर होतात आणि गुडघा आणखी धरतो. अमेरिकेत संधिवात आणि नैराश्य दोन्ही असलेल्या १००१ वृद्धांचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. नैराश्यावर नीट उपचार झालेल्यांचं एक वर्षानं सांधेदुखीचं प्रमाणही कमी झालं होतं.

आपल्याकडे यात आणखी एक गाठ आहे. दुःखी माणसाला आपण झटकन सांगतो, "मायूसी कुफ्र है." अल्लाहच्या रहमतीवरून विश्वास उडणं वेगळं आणि आजारानं मन खचणं वेगळं. मुलाच्या विरहात हजरत याकूब यांचे डोळे पांढरे झाले. त्यांचा ईमान कच्चा होता असं कोण म्हणेल? उलट आजारी बाईला असं बोललं की ती गप्प होते, एवढंच. सजदा जमत नाही म्हणून आपली नमाजच कबूल होत नसेल, या घोरात झुरणाऱ्या कितीतरी जणी आहेत. बसून, तेही जमत नसेल तर पडून, इशाऱ्यानं नमाज पढायची सवलत शरियतनंच दिली आहे. मशिदीत पुरुषांसाठी खुर्च्या आल्या. घरात नमाज पढणाऱ्या दादी-नानीला ही गोष्ट कुणी समजावून सांगितली का? हे काम इमामसाहेबांनी जुम्याच्या बयानात पाच मिनिटांत करावं.

उरला डॉक्टरांचा प्रश्न. मानसोपचारतज्ज्ञ प्रत्येक तालुक्याला मिळतील, ही आशा मी धरत नाही. पण गोव्यानं दुसरा रस्ता दाखवलाय. तिथं साठीपुढच्या, नैराश्याच्या उंबरठ्यावर असलेल्या १८१ लोकांवर प्रयोग झाला. अर्ध्यांच्या मदतीला होते प्रशिक्षण दिलेले साधे समुपदेशक. डॉक्टर नव्हेत. अडचणी कशा सोडवाव्या, झोप कशी सुधारावी, शरीराचे आजार कसे सांभाळावे, सरकारी मदत कशी मिळवावी, हे त्यांनी शिकवलं. वर्षभरात या गटातल्या ४.४ टक्के लोकांना नैराश्यानं गाठलं, दुसऱ्या गटात १४.४ टक्के. हा निकाल २०१९ मध्ये छापून आला.

आपल्याकडे आशाताई घरोघर येतातच. त्यांच्या तपासणी फॉर्मवर मनाविषयीचे दोन प्रश्नही छापलेले आहेत: गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस वाटला नाही असं किती वेळा झालं, आणि मन निराश, उदास किती वेळा राहिलं. हे प्रश्न सुनेला विचारून भरून टाकायचे नाहीत, म्हातारीलाच विचारायचे. आणि मराठीत कळले नाहीत तर दखनीत: "खाला, दिल लगता क्या?" मोहल्ल्यातल्या शिकलेल्या मुलींनी आशाताईंबरोबर फिरावं, माझ्या वर्गातून बाहेर पडलेल्या मुलींना मी हे सांगतो आहे.

उत्तर "नहीं लगता" आलं तर गोळ्या लिहून देणाऱ्या डॉक्टरांना ते आधी सांगायचं, आणि जिल्हा रुग्णालयात मनाच्या डॉक्टरांविषयी विचारायचं. तोवर टेली-मानसचा १४४१६ हा नंबर आहे. फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. म्हातारीच्या हातात फोन नसतो, तेव्हा लावून द्यायचा तो नातवानं. आणि लावून दिल्यावर खोलीबाहेर जाऊन बसायचं.