पांढरकवड्याहून काय न्यावे?

टिपेश्वरच्या अरण्यात वाघ पाहून परतणारी गाडी पांढरकवड्याला दहा मिनिटे थांबते. चहा होतो, पाण्याच्या बाटल्या घेतल्या जातात आणि गाडी नागपूरच्या किंवा हैदराबादच्या दिशेने निघून जाते. घरी पोचल्यावर ‘तिकडून काय आणलेत?’ ह्या साध्या प्रश्नाला पाहुण्यापाशी भ्रमणध्वनीतील चार छायाचित्रांखेरीज उत्तर नसते. सुमारे १४८ चौरस किलोमीटरच्या ह्या अभयारण्याची कीर्ती दूरवर पोचली आहे. येथील ‘वॉकर’ नावाचा वाघ २०१९ मध्ये तेलंगणाच्या सीमेतून ये-जा करीत सुमारे तेराशे किलोमीटर चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगेत पोचला, तेव्हा तर टिपेश्वरचे नाव देशभर झाले. त्या नावावर आपल्या गावात चूल किती घरांची पेटते, हा प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही.

अभयारण्याच्या दारी जे विकले जाते ते बहुधा कोठेही मिळते. वाघाचे तोंड छापलेला सदरा, टोपी, किल्ल्यांचा जुडगा! ताडोबाचे नाव खोडून टिपेश्वर लिहिले की काम भागले. ह्याच महामार्गावर दक्षिणेला निर्मल हे गाव आहे. तेथील हलक्या लाकडाची रंगीत खेळणी पाहताच जाणकार गावाचे नाव सांगतो. आपल्या सावंतवाडीचेही तसेच. दूर रशियात व्होल्गाकाठी मिश्किन नावाचे एक चिमुकले गाव आहे. ‘मिश’ म्हणजे उंदीर. एवढ्या नावाच्या आधारावर त्या गावाने उंदरांचे संग्रहालय थाटले आणि प्रवाशांना थांबावयास लावले. पोटात बाहुल्या दडवणारी ती प्रसिद्ध रशियन बाहुलीही काही पुराणकालीन नव्हे. ती १८९०च्या दशकातली. परंतु ती घडविण्यासाठी लाकूड कातणारे कसबी हात तेथे आधीपासून होते, हे विसरता कामा नये. कल्पना नवी असू शकते, हात एका दिवसात तयार होत नाहीत.

असे हात केळापूर तालुक्यात नाहीत काय? कोलाम समाजाचे बांबूकाम पिढ्यान् पिढ्या चालत आले आहे. टोपल्या, सुपे, कणग्या विणणाऱ्या ह्या समाजाची शासनदरबारी ‘आदिम जमात’ म्हणून नोंद आहे, आणि नोंदीपलीकडे त्याच्या वाट्याला फारसे काही आलेले नाही. अडचण कौशल्याची नसून बांबूची आहे. अभयारण्यातील वनोपज विक्रीसाठी बाहेर नेण्यास वन्यजीव कायद्याने मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. पण अभयारण्याबाहेरच्या वनांचे काय? २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू हे गौण वनोपज ठरले आणि त्यावरील सामूहिक हक्काची वाट खुली झाली. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) ह्या गावाने २०११ मध्ये तो हक्क प्रत्यक्ष बजावून दाखविला. गडचिरोलीत जे शक्य झाले ते यवतमाळात का होऊ नये?

दुसरी वस्तू कापूस. ‘पांढरे सोने’ म्हणून ज्याचा गौरव होतो, तो येथून गाठींच्या रूपाने निघून जातो. सूत दुसरीकडे, विणकाम तिसरीकडे, आणि नफा चौथीकडे. शेजारच्या वर्ध्यात १९३८ पासून मगन संग्रहालय ग्रामोद्योगाचा वारसा सांभाळून आहे. तेथील अनुभव घेऊन पांढरकवड्याचा पंचा, झोळी वा रुमाल ‘ह्या मातीतला कापूस’ असे सांगत विकणे अवघड नाही. तूरडाळीची पुरचुंडी आणि मोहफुलांचे लाडू तर बचतगटांच्या महिला आजही करू शकतील.

हा केवळ हौसेचा विषय नाही. २०१८ च्या नोव्हेंबरात राळेगाव तालुक्यातील बोराटीच्या जंगलात ‘अवनी’ मारली गेली, तेव्हा महानगरांत मेणबत्त्या पेटल्या. तिच्यामुळे तेरा माणसे दगावल्याचे सांगितले जात होते. त्या घरांतील स्त्रिया महिनोन् महिने शेताकडे जाण्यास धजत नव्हत्या, ह्याचे स्मरण कितीजणांना आहे? वाघ राखण्याची किंमत जे मोजतात त्यांना वाघाच्या कीर्तीतला वाटा मिळू नये, ही व्यवस्था फार काळ टिकणारी नाही. ज्याच्या गुराला वाघाने नेले, त्याच्या हातची टोपली पाहुण्याच्या दिवाणखान्यात गेली तर त्या शेतकऱ्याचा राग कदाचित पूर्ण शमणार नाही. पण वाघाशी त्याचे नाते केवळ नुकसानीचे राहणार नाही.

ह्यासाठी मोठा प्रकल्प, मोठी इमारत, मोठे उद्घाटन नको. अशा इमारतींना कुलपे लागलेली विदर्भाने पुष्कळ पाहिली आहेत. सुन्ना आणि माथनीच्या प्रवेशद्वारापाशी एकेक पत्र्याचे छत, त्याखाली ग्रामसभेने नेमलेली दोन माणसे, वस्तूवर विणणाऱ्याच्या गावाचे नाव आणि न बदलणारी किंमत, एवढे पुरे. घासाघीस करणाऱ्या पाहुण्याला टोपलीमागची दीड दिवसाची मजुरी समजावून सांगावी. बहुतेकांना ती पटते. पावसाळ्यात अभयारण्य बंद असते तो काळ माल तयार करण्याचा. म्हणजे बांबूच्या परवानगीची कागदपत्रे निदान उन्हाळ्यातच मार्गी लागली पाहिजेत, आणि तेथे वन विभागाच्या व तहसील कचेरीच्या मेजावर ती किती दिवस पडून राहतात, ह्यावर पहिल्या वर्षाचा सारा हिशेब अवलंबून राहील.