मूल ‘वांड’ की एडीएचडी? शिक्षेआधी तपासणी हवी

वर्गात पाच मिनिटे एका जागी न बसणाऱ्या, वही-पेन्सिल रोज हरवणाऱ्या मुलावर ‘वांड’ असा शिक्का लगेच बसतो. मग शाळेत ओरडा, घरी धपाटा. पण काही मुलांमध्ये या वागण्यामागे एडीएचडी असतो. लक्ष टिकवणे आणि स्वतःला आवरणे अवघड करणारा हा मेंदूच्या वाढीशी संबंधित विकार आहे. तो मार देऊन जात नाही.

निदान कसे होते?
रक्ततपासणीत एडीएचडी दिसत नाही. लक्षणे वयाच्या १२ वर्षांआधी सुरू झाली का, किमान ६ महिने टिकली का आणि घरी व शाळेतही दिसतात का, हे तज्ज्ञ डॉक्टर पाहतात. त्यामुळे शिक्षकांचे निरीक्षण मोलाचे ठरते. गप्प बसून तंद्री लागणाऱ्या मुलांमध्ये, विशेषतः मुलींमध्ये, तो अनेकदा लक्षातच येत नाही.

थेरपीत काय असते?
लहान मुलांच्या थेरपीत मुख्य शिकवणी पालकांची असते. एका वेळी एकच सूचना, अभ्यासाचे छोटे तुकडे, चांगल्या वागण्याचे लगेच कौतुक, झोप-जेवणाच्या ठरलेल्या वेळा. ६ वर्षांखालील मुलांसाठी पालकांचे प्रशिक्षण हाच पहिला उपचार मानतात. मोठ्या मुलांना गरजेनुसार औषधही दिले जाते. ते मनाने सुरू किंवा बंद करू नये.

धाराशिवमध्ये अडते कुठे?
२०१३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणीत एडीएचडीचा समावेश आहे. पथकाने शाळेत वर्षातून एकदा, अंगणवाडीत दोनदा यावे, असा नियम आहे. पण कळंब, वाशी, भूम, परंडा भागांतून दिवाळीच्या सुमारास अनेक कुटुंबे ऊसतोडीला जातात. मुलांचे नाव पटावर, मुले मात्र फडावर. तपासणी हुकते, निदान झालेच तरी थेरपी मध्येच तुटते.

म्हणून या गावांतील तपासणी जून ते सप्टेंबरदरम्यानच उरकायला हवी. मुलाची नोंद पालकांच्या हाती द्यावी आणि समुपदेशन फोनवरून सुरू ठेवावे. ‘टेलिमानस’चा १४४१६ हा मोफत क्रमांक २४ तास सुरू असतो, फडावरूनही तो लावता येतो. वेळापत्रक कोयत्याच्या हंगामाप्रमाणे आखले, तरच उपचार या मुलांपर्यंत पोहोचतील.