रक्ताची श्रीमंती

मराठी माणसाला रक्त कमी पडण्याची भारी धास्ती. त्याचे रक्त आटते, रक्ताचे पाणी होते, अंगात रक्ताचा थेंब उरत नाही. उलट रक्त सळसळले किंवा उसळले, की ते कौतुकच. रक्त फार झाल्याची तक्रार करणारा एकही वाक्प्रचार, इतकी वर्षे मराठी शिकवूनही, मला आढळलेला नाही. भाषेतली ही उणीव आमच्या दाजींच्या बाबतीत कशी महागात पडली असती, त्याची ही हकिकत.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, मुक्काम कोयनानगर. सातारा जिल्ह्याच्या रिवाजाप्रमाणे ते फौजेत गेले, निवृत्तीनंतर धरणावर पहारेकरी झाले आणि आता साठी ओलांडून घरी आहेत. दोन वर्षांपूर्वी एका शिबिरात त्यांचे रक्त तपासले. हिमोग्लोबिन निघाले 18.9. दाजींनी तो कागद पदकासारखा माझ्यापुढे धरला.

"बघा मास्तर! लेहला दोन वर्षं काढली, तिथल्या हवेचं रक्त हाय हे."

"दाजी, याच्या निम्मं रक्त मला असतं तर मी कुठल्या कुठं गेलो असतो!" मी म्हणालो. आमच्या विद्वत्तेची मोहोर उठली आणि तो कागद कपाटात गेला.

गेल्या दिवाळीत मी तिथेच होतो. नरकचतुर्दशीला पहाटे अक्काने दाजींना तेल-उटणे लावले, कढत पाणी घातले. आणि अर्ध्या तासात दाजी अंग खाजवून हैराण. अंगावर पुरळ नाही, गांधी नाही. दोष अर्थातच उटण्यावर गेला. डोके जड राहते, चेहरा लालबुंद दिसतो, हेही अक्काच्या बोलण्यात आले. लाली पाहून मी पुन्हा म्हणालो, "तब्येत कशी टोमॅटोसारखी आहे!"

मार्गशीर्षात एका सकाळी दाजींच्या उजव्या हातातून कपबशी निसटली. हात उचलेना, शब्द जड पडू लागले. पाव तासात सारे पूर्ववत झाले, तरी अक्काने त्यांना तडक कऱ्हाडला नेले. निरोप मिळताच मीही पोचलो. डॉक्टरांनी जुना कागद पाहिला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "गरम पाण्यानं आंघोळ केली की खाज सुटते का?" अक्काने माझ्याकडे पाहिले. ती नजर मी विसरणार नाही.

डॉक्टरांनी आमचे लेहचे पुराण आधी निकालात काढले. लेह साडेतीन हजार मीटर उंचीवर. तिथल्या विरळ हवेत प्राणवायू कमी पडतो, म्हणून मूत्रपिंडे एक संप्रेरक जास्त सोडतात आणि हाडांतला मगज तांबड्या पेशी वाढवतो. पण त्या पेशीचे आयुष्य जेमतेम 120 दिवसांचे. लेहचे रक्त वीस वर्षे कोयनाकाठी टिकायचे कसे?

मग खऱ्या कारणाचा शोध सुरू झाला. अंगातले पाणी कमी झाले, जुलाब-उलट्या झाल्या, तरी रक्त आटून आकडा चढतो. ते पाणी भरून निघाले की उतरतो. फुप्फुसाचे जुनाट दुखणे, घोरता घोरता झोपेत श्वास अडणे, मूत्रपिंडातली गाठ, शरीर कमावण्यासाठी घेतलेली हार्मोनची इंजेक्शने, हीही कारणे असतात. आकडा पुरुषांत 16.5 च्या आणि स्त्रियांत 16 च्या वर टिकून राहिला, तर कारण शोधलेच पाहिजे, असे डॉक्टर म्हणाले.

दाजींच्या बाबतीत ही सारी कारणे बाद झाली. जेएके-2 नावाच्या जनुकाची तपासणी मात्र बोलली. या जनुकातला बिघड 2005 साली उजेडात आला. आजाराचे नाव पॉलिसायथीमिया व्हेरा. 1892 साली पॅरिसच्या डॉ. वाकेझ यांनी त्याचे पहिले वर्णन केले. मगज कुणाच्या हुकुमाशिवाय पेशी काढत सुटतो. रक्तातल्या कर्करोगाचाच हा एक मंदगती प्रकार. रक्त दाट होते, गुठळी धरते आणि ती मेंदूत वा हृदयात अडकली, की कपबशीवर भागत नाही.

इलाज ऐकून दाजी चक्रावले. शिरेतून बाटलीभर रक्त काढायचे, रक्तातला पेशींचा भाग शेकडा 45 च्या खाली येईपर्यंत पुनःपुन्हा. जोडीला अल्प मात्रेत अ‍ॅस्पिरिन आणि वय साठीपुढचे म्हणून मगजाला आवर घालणारी गोळी. सारे डॉक्टरांच्या देखरेखीखाली. अक्का हौसेने देत असलेले लोहाचे टॉनिक त्या दिवशीच बंद झाले.

"ह्ये रक्त कुणाला देणार?" दाजींनी विचारले.

"कुणालाच नाही. आजारी रक्त, ते नष्ट करतात."

फौजेत रक्तदानाला पहिले उभे राहणारे दाजी खिडकीबाहेर पाहत बसले. दंडावर पट्टी होती. त्यांचे डोळे भरलेले मी प्रथमच पाहिले.

डॉक्टरांचे लक्ष एवढ्यात माझ्या पिवळ्या बोटांकडे गेले. माझेही रक्त तपासले: 17.4! कारण सिगारेट. धुरातला कार्बन मोनॉक्साइड एस. टी.त रुमाल टाकून जागा अडवणाऱ्या उतारूसारखा हिमोग्लोबिनवर बसतो. प्राणवायू उभाच राहतो आणि शरीर बिचारे जादा गाड्या सोडते. मला बाटली नको होती, गोळीही नको. पाकीट टाकायचे होते. टाकले. सहा महिन्यांनी आकडा 15.8 वर आला. दोघांचा आकडा चढलेला, पण कारण निराळे म्हणून उतारा निराळा.

यंदा श्रावणात कोयनेला गेलो. धरणाचे दरवाजे उघडले होते. आम्ही दोघे पाहत उभे होतो.

"मास्तर," दाजी म्हणाले, "भरलेल्या धरणाची आपण ओटी भरतो. पण माप वलांडलं की दरवाजे उघडावेच लागतात. त्यात धरणाचा कमीपणा न्हाई."

आता दिवाळीला पुन्हा जाणार आहे. अक्काचे उटणे निर्दोष सुटले आहे. पाणी मात्र कोमट. आणि कुणी रक्ताचा कागद कौतुकाने पुढे धरला, तर मी अभिनंदन करीत नाही. विचारतो, "डॉक्टरांना दाखवलात का?"