एकशेऐंशी व्होल्टांचे भांडण

दिवाळीच्या दिवसांत माणसाने भांडू नये म्हणतात. पण यंदा धनत्रयोदशीच्या आधी दोन दिवस आमच्या इमारतीत एक भांडण जुंपले, आणि तेही एका आकड्यावरून! वर्षभर या पानावर आपण मिक्सर, पंखा, इस्त्री अशा घरच्या यंत्रांच्या पोटात डोकावत आलो. तेव्हा दिवाळी अंकात त्या भांडणाची हकीकत सांगितली, तर फराळाबरोबर तीही वाचकांना गोड लागेल अशी आशा आहे.

आमच्या वरच्या मजल्यावर अण्णा आणि काकू राहतात. अण्णांची सारी हयात बँकेत हिशेब तपासण्यात गेली. पैचा फरक दिसला तर रात्रीची झोप उडणारा हा माणूस. काकूंना दम्याचा त्रास, आणि फटाक्यांच्या धुराने तो बळावतो. म्हणून त्यांच्या उशाशी नेब्युलायझर असतो. औषधाचे बारीक धुके करून श्वासावाटे छातीत पोचवणारे ते एक छोटेसे यंत्र. रात्री-अपरात्री वीज गेली तरी ते चालावे, म्हणून अण्णांनी मुद्दाम इन्व्हर्टर घेतला. पहिल्याच रात्री वीज गेली. काकूंनी यंत्र सुरू केले आणि म्हणाल्या, "अहो, हे आज वेगळंच घरघरतंय."

अण्णा दुसऱ्या दिवशी बाजारात गेले आणि काही शे रुपयांचा एक पिवळा डिजिटल मल्टिमीटर घेऊन आले. त्याची खुंटी नागमोडी रेघेच्या ७५० आकड्यावर ठेवून त्यांनी भिंतीच्या सॉकेटात दोन्ही टोके घातली. मीटरने २३१ दाखवले. मग मुख्य बटण बंद करून इन्व्हर्टरवर मोजले. मीटर म्हणाले, १८०!

"पन्नास व्होल्ट खाल्ले!" अण्णांचा आवाज जिन्यातून खाली आला. "डबीवर दोनशेतीस लिहायचे आणि हातात एकशेऐंशी द्यायचे! ही उघड लबाडी आहे."

दुकानातून माणूस आला. त्याने आपले मीटर लावून पाहिले. तेही तसलेच स्वस्त, तेव्हा तेही १८० म्हणाले. तो खजील झाला आणि म्हणाला, "काका, आत एक प्रीसेट असतो. तो जरा फिरवतो, दोनशेतीस करून देतो." त्याने स्क्रू-ड्रायव्हर हातात घेतला देखील.

नेमकी त्याच वेळी माझी भाची फराळाचा डबा पोचवायला वर गेली होती. ती इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. "थांबा, थांबा!" ती ओरडली. "आजोबा, त्यांना स्क्रू फिरवू देऊ नका. इन्व्हर्टर खोटा नाही. मीटर खोटं आहे."

"अगं पोरी, हेच मीटर भिंतीवर दोनशे एकतीस दाखवतंय. तिथं खरं आणि इथं खोटं, असं कसं?"

वाचकहो, अण्णांचा हा प्रश्न तुम्हांआम्हांलाही पडेल. त्याचे उत्तर समजायचे तर घरातली वीज कशी वाहते ते एकदा आठवले पाहिजे.

बॅटरीतला दाब एकाच दिशेने आणि एकसारखा असतो. घरच्या सॉकेटातला दाब मात्र झोपाळ्यासारखा एकदा इकडे, एकदा तिकडे जातो, सेकंदाला ५० वेळा. तो शून्यातून चढत ३२५ व्होल्टपर्यंत जातो, उतरत शून्यावर येतो, मग उलट्या बाजूला ३२५ पर्यंत जाऊन परत येतो. अशा दाबाची सरळ सरासरी काढली तर ती शून्य येईल, कारण जेवढे इकडे तेवढेच तिकडे. पण म्हणून त्या तारेला हात लावून पाहण्याचे धाडस कोणी करणार नाही!

मग २३० हा आकडा कुठला? तो उष्णतेचा हिशेब आहे. समजा, इस्त्री एकदा २३० व्होल्टांच्या बॅटऱ्यांवर तापवली आणि एकदा घरच्या सॉकेटावर तापवली. दोन्ही वेळा ती सारखीच तापली, तर सॉकेटातला दाब २३० व्होल्ट म्हणायचा. उष्णता दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणून प्रत्येक क्षणाच्या दाबाचा वर्ग करायचा, त्या वर्गांची सरासरी काढायची आणि तिचे वर्गमूळ घ्यायचे. यालाच आर. एम. एस. म्हणतात. ३२५ व्होल्ट शिखराच्या गुळगुळीत लाटेसाठी ते बरोबर २३० येते.

पण हे वर्ग-वर्गमूळ करणारे मीटर पूर्वीपासूनच महाग. १९२३ साली इंग्लंडात डोनाल्ड मॅकाडी नावाच्या टपाल खात्यातल्या एका अभियंत्याने, निरनिराळी मीटरे खांद्यावर वाहून कंटाळल्यामुळे, अँपिअर, व्होल्ट आणि ओहम मोजणारी एकच पेटी तयार करविली. तीच पुढे 'अ‍ॅव्हो' नावाने गाजली. पहिली पेटी फक्त बॅटरीसारखा एकमार्गी प्रवाह मोजत असे. अशा मीटरचा काटा सरासरीप्रमाणे हलतो. त्याला उलटसुलट प्रवाह मोजायला शिकवायचे, तर आधी रेक्टिफायरने उलटी बाजू सुलटी करून घ्यावी लागते. मग जी सरासरी येते ती आपल्या घरच्या विजेसाठी २०७ व्होल्ट. ती २३० नाही. यावर एक सोपी युक्ती निघाली. तबकडीवरचे आकडेच १.११ पटीने वाढवून छापायचे. २०७ ला १.११ ने गुणले की झाले २३०! आजची स्वस्त डिजिटल मीटरेही आतून हेच करतात. मोजतात सरासरी, आणि सांगतात गुणाकार.

भाचीने हे सगळे सांगितले, पण अण्णांच्या कपाळावरची आठी काही गेली नाही. तेव्हा काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "अहो, माझ्या त्या पितळी मापासारखं आहे हे! त्यात काठोकाठ रवा भरला की पाव किलो होतो, म्हणून मी त्यावर पाव किलोची खूण केली. पण त्याच मापानं चिवड्याचे पोहे मोजले तर पाव किलो भरतील का? माप तेच, खूण तीच, पण पोहे हलके."

इतके नेमके उदाहरण आमच्या डिप्लोमावालीला काही सुचले नव्हते. मीटरवरची १.११ ची खूण गुळगुळीत लाटेसाठी केलेली आहे. लाटेचा आकार बदलला की खूण फसते.

भाची धावत खाली आली आणि तिचा छोटा ऑसिलोस्कोप व एक ९ व्होल्टांचा ट्रान्सफॉर्मर घेऊन पुन्हा वर गेली. ऑसिलोस्कोप म्हणजे विजेची लाट पडद्यावर काढून दाखवणारे उपकरण. स्कोपची टोके तिने सॉकेटात मुळीच घातली नाहीत. स्कोपच्या प्रोबची चिमटी बहुधा अर्थिंगला जोडलेली असते. ती चुकून फेजला लागली तर ठिणगी उडून स्कोपही जातो आणि माणसावरही बेतते. म्हणून तिने ट्रान्सफॉर्मरने दाब कमी करून घेतला आणि मगच लाट पाहिली. भिंतीची वीज पडद्यावर टेकडीसारखी गोल चढली-उतरली. इन्व्हर्टरची मात्र सरळ पायऱ्यांची होती. उभा कडा, वर सपाट माळ, पुन्हा उभा कडा, मग थोडा वेळ शून्य, आणि तसेच खाली.

आता अण्णांच्या हातात कागद-पेन्सिल आली, आणि हिशेब म्हटल्यावर ते खुलले. निम्मा वेळ ३२५, निम्मा वेळ शून्य. सरासरी १६२.५. गुणिले १.११, म्हणजे १८०. मीटरचा आकडा तंतोतंत मिळाला! मग भाची म्हणाली, "आता खरा हिशेब करा, आजोबा." ३२५ चा वर्ग १,०५,६२५. तो निम्माच वेळ, म्हणून ५२,८१२. त्याचे वर्गमूळ २३० ला किंचित कमी. अण्णांनी पेन्सिल खाली ठेवली. "म्हणजे इन्व्हर्टरवाल्यानं पुरेपूर दिलंय."

"हो. आणि यांनी स्क्रू फिरवून मीटरवर दोनशेतीस आणलं असतं, तर पायरी रुंद होऊन खरा दाब दोनशे साठच्या आसपास गेला असता. नुसती उंची वाढवली असती, तर दोनशे त्र्याण्णव. रात्री आजीच्या यंत्राला तो सोसला असता का?"

खोलीत क्षणभर कोणी बोलले नाही. दुकानच्या माणसाने स्क्रू-ड्रायव्हर निमूटपणे खिशात घातला. तो काही लबाड नव्हता. त्याने मीटरवर विश्वास ठेवला होता, इतकेच.

अण्णा हसले आणि म्हणाले, "चला, भांडण मिटलं."

"पण मग ते घरघरतं का?" काकूंनी विचारले.

खरे म्हणजे मूळ प्रश्न तोच होता आणि आकड्याच्या नादात आम्ही सारे तो विसरलो होतो. उत्तर पुन्हा त्या पायऱ्यांतच होते. गुळगुळीत लाटेत ५० ची एकच कंपनसंख्या असते. पायऱ्यांच्या लाटेत तिच्याबरोबर १५०, २५० अशा वरच्या पट्टीतल्या कंपनांची भेसळ असते. इस्त्रीला किंवा साध्या दिव्याला तिचे काही वाटत नाही. पण मोटर, पंखा, कॉम्प्रेसर यांच्या लोखंडात ती घरघर करते आणि त्यांना अधिक तापवते. यंत्राबरोबर आलेली पुस्तिका काढून पाहिली, तर तिच्यात इन्व्हर्टर साइन वेव्हचा असावा असे स्पष्ट छापलेले होते. आम्ही कोणी ती वाचली नव्हती. दाब बरोबर होता, आकार चुकीचा होता. आणि ते मीटरला कळले नाही, काकूंच्या कानाला कळले.

वाचकहो, तुमच्याही घरात असे मीटर असेल, तर चार गोष्टी लक्षात ठेवा. मीटरवर 'ट्रू आर. एम. एस.' असे छापलेले नसेल, तर त्याचा उलटसुलट प्रवाहाचा आकडा फक्त गुळगुळीत लाटेसाठी खरा माना. पायऱ्यांचा इन्व्हर्टर किंवा डिमर यांवर त्याचे ऐकून कोणताही स्क्रू फिरवू नका. दाब मोजताना लाल तार कधीही अँपिअरच्या भोकात राहू देऊ नका, नाहीतर मीटर म्हणजेच शॉर्ट सर्किट होते.

चौथी गोष्ट आकाशकंदिलाची. कंदिलाचे बटण बंद करूनही त्याच्या तारेवर डिजिटल मीटर कधीकधी साठ-सत्तर व्होल्ट दाखवते. शेजारून जाणाऱ्या चालू तारेतून अगदी किंचित वीज तिच्यात झिरपते, आणि मीटर स्वतः जवळजवळ काहीच वीज ओढत नसल्यामुळे ते तेवढ्यावरही आकडा दाखवते. अशा तारेवर साधा दिवा लावला की तो पेटत नाही आणि आकडा कोसळतो. पण हा भुताचा आकडा आहे की खरा, हे अंदाजाने कधीच ठरवू नका. आधी चालू सॉकेटावर मीटर तपासा, मग ती तार पाहा, मग पुन्हा चालू सॉकेटावर तपासा. तरीही शंका राहिली, तर मुख्य बटण पाडा आणि वायरमनला बोलवा.

दुकानदाराने वरचे पैसे घेऊन साइन वेव्हचा इन्व्हर्टर बदलून दिला. लक्ष्मीपूजनाच्या रात्री नऊच्या सुमारास वीज गेली. बाहेर धूर दाटलेला. मी जिना चढून वर गेलो, तेव्हा काकू डोळे मिटून वाफारा घेत होत्या आणि शेजारी अण्णा मीटर मांडीवर घेऊन बसले होते.

"किती दाखवतंय?" मी विचारले.

"पाहिलं नाही," अण्णा म्हणाले. "हिला विचारलं. नेहमीसारखं वाजतंय म्हणाली."