चॉप्स मारके काळा मसाला

शनिवारची संध्याकाळ, ऑफिसची कटकट संपलेली आणि पिझ्झाचा कंटाळा आलेला. अशा वेळी मसालेदार पोर्क चॉप्स आणि खरपूस भाजलेले बटाटे, कसं वाटतंय? 'नगरात? पोर्क?' असं म्हणून भुवया उंचावू नका, बॉस. पुण्याच्या कोल्ड स्टोरेजवाल्या दुकानातून फ्रोझन चॉप्स आणायचे आणि थर्माकोलच्या डब्यात बर्फ घालून बसमध्ये बसायचं. साधारण तीन तासांत घर. पुण्यात जॉब आणि वीकेंडला नगर असं करणाऱ्यांना हे अजिबात अवघड नाही.

गंमत बघा. मेनूकार्डावर 'बेकन' लिहिलं की आपण खुशाल जादा पैसे मोजतो. त्याच प्राण्याला 'डुक्कर' म्हटलं की नाक मुरडतो. आपल्या गावांत डुक्कर कोणी पाळायचं आणि कोणी खायचं हे बरंचसं जातीनं ठरलेलं होतं, नाकाचा प्रॉब्लेम तिथला आहे. शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (२०१५) वाचा. शेजारच्या मराठवाड्यातल्या दलित घरांच्या चुलीवर काय शिजायचं, ते त्यात आहे. धर्मामुळे न खाणारा रूममेट ही मात्र वेगळी गोष्ट. त्याला आधी विचारायचं आणि आपला तवा, आपली सुरी वेगळी ठेवायची. एवढी तमीज हवीच.

आता सगळ्यांच्या मनातली भीती. 'पोर्क खाल्लं की मेंदूत किडा जातो' हे अर्धवट ज्ञान आहे. कच्च्या मांसातून पोटात फीतकृमी होऊ शकतो, हे खरं. पण मेंदूत गाठी होतात त्या कृमीच्या अंड्यांमुळे, आणि ती अंडी येतात कृमी असलेल्या माणसाच्या विष्ठेतून. म्हणजे न धुतलेले हात, दूषित पाणी, नीट न धुतलेली कोथिंबीर. शुद्ध शाकाहारी काकूंनाही ते होऊ शकतं! तेव्हा हात धुवा आणि मांस नीट शिजवा. अमेरिकेच्या कृषी खात्यानं २०११ मध्ये अख्ख्या तुकड्यांसाठी ७१ अंश सेल्सिअसची अट ६३ वर आणली, वर तीन मिनिटं थांबायचं. पण मांस कुठून आलं याची खात्री नसेल तर मी ७१ वरच जाते. आत गुलाबी काही ठेवायचं नाही.

इतकं शिजवलं की चॉप चामड्यासारखा होतो, अशी तक्रार येते. त्यावर फंडा एकच, मिठाचं पाणी. एक लिटर पाण्यात पन्नास ग्रॅम मीठ विरघळवा आणि चॉप्स त्यात दोन तास फ्रिजमध्ये ठेवा. मांस पाणी धरून ठेवतं. चॉप हाडासकट आणि इंचभर जाड घ्या, पातळ तुकडा रंग यायच्या आधीच कोरडा पडतो.

बटाटे आधी सुरू करा, त्यांना वेळ लागतो. मोठे तुकडे मिठाच्या पाण्यात अर्धवट उकडायचे, निथळायचे आणि झाकण लावून पातेलं जोरात हलवायचं. कडा खरबरीत झाल्या की तिथंच कुरकुरीतपणा येतो. मग तेल चोळून ओटीजीत २०० अंशांवर पाऊण तास, मध्ये एकदा उलटायचे. ओटीजी नसेल तर जाड बुडाची कढई आणि मंद आच. नवा बटाटा पाणीदार असतो, जुनाच घ्या.

चॉप्स पुसून कोरडे करा. हळद, लसूण-आलं आणि थोडं व्हिनेगर लावा. घरचा काळा मसाला आत्ता लावायचा नाही! तापलेल्या तव्यावर तो आधी जळतो आणि कडू होतो. आधी चरबीची कड तव्यावर उभी धरून सुटेल तेवढी चरबी काढा, मग दोन्ही बाजू चार-चार मिनिटं. शेवटी आच कमी करून दोन चमचे मसाला त्याच चरबीत परता, चॉप्स त्यात घोळवा आणि झाकण ठेवून पूर्ण शिजू द्या. थर्मामीटर नसेल तर हाडाजवळ कापून बघा. पाच मिनिटं तसेच ठेवा, मग ताटात. उरलेली मसालेदार चरबी बटाट्यांवर.

सोबत ब्रेड कशाला? आपल्या जिल्ह्याची बाजरीची भाकरी आणि कच्चा कांदा. उरलंच तर रविवारी संपवा. सोमवारच्या डब्यात नको, ऑफिसच्या मायक्रोवेव्हमध्ये चॉपचं चामडं होतंच, आणि वासावरून जी चर्चा सुरू होईल ती वेगळी.